लघवीचं इन्फेक्शन: आधी डबी, मग गोळी

मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी लॅबमध्ये काम करते. लघवीचे नमुने घ्यायचे, तपासायचे, रिपोर्ट टाइप करायचे, दिवसभर हेच. मी डॉक्टर नाही, त्यामुळं तुम्हाला कोणती गोळी लागेल ते मी सांगणार नाही, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. पण गोळीच्या आधी आणि गोळीच्या नंतर लोकं काय चुका करतात ते मला खिडकीतून रोज दिसतं, आणि त्यातल्या बहुतेक चुका क्रमाच्या असतात. जळजळ सुरू झाली की मेडिकलवरून दोन गोळ्या, दोन दिवस बरं वाटलं की बंद, आठ दिवसांनी परत त्रास, परत दोन गोळ्या, मग एक दिवस थंडी वाजून ताप आणि मग तपासणी. तपासणी सगळ्यात शेवटी येते, ती गोळीच्या आधी यायला पाहिजे. म्हणून खाली सगळं क्रमानं लिहिलंय, घाईत असाल तरी चौथा टप्पा सोडू नका.

१. आधी बघा, हे इन्फेक्शनच आहे का

आपल्याकडं लघवीला जळजळ झाली की सरसकट "उन्हाळी लागली" म्हणतात. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र होतात आणि तिथंच पहिली चूक होते.

एप्रिल-मे मध्ये वावरात दिवस काढला, पाणी कमी पिलं, की लघवी गडद पिवळी होते आणि थोडी जळते. सावलीत बसलं, दिवसभर थोडं थोडं करून पाणी, ताक, लिंबू पाणी पोटात गेलं की संध्याकाळपर्यंत लघवी फिक्कट होते आणि जळजळही जाते. ही खरी उन्हाळी, हिला अँटिबायोटिक लागत नाही.

इन्फेक्शन पाण्यानं एका दिवसात जात नाही. त्यात सारखं लघवीला लागल्यासारखं होतं, जाऊन बसलं की दोन थेंब येतात, उठलं की परत लागते. ओटीपोट जड होतं, दुखतं. रात्री चार-पाचदा उठावं लागतं. कधी लघवी लालसर येते. कपडे सोडायला वेळ मिळू नये इतकी घाई होते. ह्यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असली आणि एक दिवस पाणी पिऊनही तशीच राहिली तर दवाखाना गाठा. (लघवीत रक्त दिसलं, ताप आला किंवा बाई गरोदर असली तर एक दिवससुद्धा वाट बघायची नाही.)

इन्फेक्शनसारखं वाटतं पण नसतं असंही बरंच आहे. खाज सुटते, पांढरं पाणी जातं, आणि लघवी बाहेरच्या कातडीला लागली की आग होते, हे बऱ्याचदा बुरशीचं किंवा योनीमार्गाचं दुखणं असतं, त्याचं औषध वेगळं. अँटिबायोटिक खाल्लं तर बुरशी उलट वाढते. पुरुषाच्या लघवीच्या जागेतून पू येतोय, किंवा नवरा-बायको दोघांनाही जळजळ आहे, तर संबंधातून लागणारा आजार असू शकतो, तेव्हा दोघांनीही दाखवायचं, एकट्यानं औषध घेऊन उपयोग नाही. आणि कंबरेतून कळ निघून जांघेकडं उतरते, माणूस एका जागी बसू शकत नाही, कळ येते-जाते, तर मूतखड्याचा संशय घ्यायचा.

तपासा: नुसता वास येणं किंवा लघवी गढूळ दिसणं म्हणजे इन्फेक्शन नाही. त्रास काहीच नसेल तर नुसत्या वासासाठी गोळ्या घेऊ नका.

२. पिशवीत आहे की किडनीपर्यंत गेलंय

हे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले असतात, सगळ्यात जास्त ई. कोलाय. ते संडासाच्या जागेपासून लघवीच्या वाटेनं वर चढतात. बाईची ही वाट साधारण ४ सेंटिमीटरची, पुरुषाची २० च्या आसपास, म्हणून बायकांना हा त्रास जास्त होतो. बाई अस्वच्छ आहे म्हणून होत नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण माझ्यासमोर सासवांनी सुनांना यावरून बोललेलं मी ऐकलंय, आणि त्या बोलण्याला भिऊन पुढच्या वेळी पोरगी त्रास अंगावर काढते.

जंतू मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत असतील तर जळजळ, घाई आणि ओटीपोटात दुखणं, शक्यतो मोठा ताप नसतो. वर किडनीपर्यंत गेले की चित्र बदलतं.

थांबा, खालचं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच, रात्र असली तरी, दवाखान्यात जा:

- थंडी वाजून, हुडहुडी भरून ताप
- पाठीत एका बाजूला, बरगडीच्या खाली दुखणं
- उलट्या, गोळी-पाणी पोटात टिकत नाही
- पोट फुगलंय, लघवी लागलीय पण होतच नाही
- मूतखडा माहीत आहे आणि त्यात ताप आलाय (वाट अडलेली आणि मागं जंतू, हे काही तासांत जिवावर येतं)
- गरोदर बाईला ताप
- तीन महिन्यांच्या आतल्या लेकराला ताप
- म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं, ओळखेना, सुस्त पडलं

गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. तिथं "लघवीला त्रास होतोय" एवढंच सांगू नका, "थंडी-ताप आहे, उलट्या आहेत, अमुक महिन्याची गरोदर आहे" असं स्पष्ट सांगा.

३. मेडिकलवरच्या दोन गोळ्या घेण्याआधी

माझ्या आईचं सांगते. मी लॅबमध्ये कामाला, आणि घरात हे झालं. तिला जळजळ व्हायची, ती गावातल्या दुकानातून दोन-दोन गोळ्या आणायची आणि मला सांगायची नाही, लेकीला कशाला त्रास म्हणून. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी पोळ्याच्या दिवशी सकाळी पुरणाला बसली आणि तिथंच हुडहुडी भरली, तीन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. ॲडमिट केलं, लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) पाठवलं तर काही उगवलंच नाही, कारण आदल्या रात्रीच तिनं गोळी घेतलेली. जंतू अर्धमेले, त्यामुळं रिपोर्टमध्ये दिसेनात, पण अंगात ताप १०३. कोणतं औषध लागू होईल हे डॉक्टरांना अंदाजानं ठरवावं लागलं. आठ दिवस शिरेतून इंजेक्शनं चालली. नंतर कधीतरी कल्चरमध्ये जंतू सापडला तेव्हा त्या दुकानातल्या गोळीपुढं "आर" लिहून आलेलं, म्हणजे ती गोळी आता त्या जंतूवर चालत नव्हती.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी नमुना, मग गोळी. फार त्रास असेल, डॉक्टर म्हणाले आजच सुरू करा, तरी हरकत नाही, नमुना देऊन त्याच तासाला गोळी सुरू करता येते. रिपोर्टची वाट बघत तळमळायची गरज नसते. पण अगोदर डबी भरायची.

अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल पट्टी असते. ती दिसली की समजायचं, हे चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या, मागच्या वर्षीची अर्धी स्ट्रिप, गावातल्या कुणीतरी दिलेलं "गरम इंजेक्शन" आणि वर एक सलाईन, हे सगळं ह्याच यादीत. सलाईननं तरतरी येते, जंतू मरत नाहीत.

मग नमुना देईपर्यंत काय करायचं? पाणी प्या. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, जवाचं पाणी, ताक, काही हरकत नाही, त्यातून पाणीच पोटात जातं. फक्त ते उपचार म्हणून धरून चार दिवस काढू नका, आणि डबी भरायच्या अगोदरच्या तासात तांब्यावर तांब्या ओतू नका, नमुना पातळ होतो. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं. उन्हानं सुकलेल्या अंगावर डायक्लोफेनॅकसारख्या जोरदार पेनकिलर मात्र किडनीला बाधू शकतात, त्या स्वतःच्या मनानं घेऊ नका. खायचा सोडा पाण्यातून घेणं बीपी आणि किडनीच्या पेशंटनं टाळायचं.

जळजळीचं गोड-आंबट सिरप बऱ्याच घरांत असतं. त्यानं लघवीचा आंबटपणा कमी होतो आणि आग थोडी शमते, पण जंतू तसेच राहतात. सिरपनं बरं वाटलं म्हणून थांबलेले पेशंट मी पुढच्या आठवड्यात तापात बघितलेत.

४. नमुना कसा द्यायचा (सगळ्यात जास्त चुका इथं)

मागच्या हंगामात एक ऊसतोड करणारी बाई आली, कारखान्यावरून गावी परत आलेली, पदराखालून बाटली काढून दिली. खोकल्याच्या औषधाची बाटली, आत तळाला अजून गुलाबी चिकट थर होता. सकाळी सहाला भरलेली, एसटीनं येईपर्यंत साडेअकरा झाले, बाहेर ऊन म्हणजे भट्टी. तिनं बिचारीनं बाटली धुतली होती, "दोनदा इसळली बाई" म्हणाली. तिची काही चूक नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पण तो नमुना मी वापरू शकले नाही. नवीन डबी दिली, पाणी पाजलं, दोन तास बसवलं आणि परत घेतला.

हे का, ते समजून घ्या. गरमीत ई. कोलाय अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतो. पाच तास झोळ्यात तापलेल्या बाटलीत चार जंतूंचे हजारो होतात, रिपोर्टवर लाखानं आकडा येतो, आणि इन्फेक्शन नसलेल्या माणसाला औषध सुरू होतं.

आता पायऱ्या:

पहिली गोष्ट डबी. लॅबमधून किंवा मेडिकलमधून सीलबंद, निर्जंतुक, रुंद तोंडाची डबी घ्या. "कल्चरची डबी" म्हणा, देतात. घरची कुठलीच बाटली नको, उकळलेली पण नको.

वेळ सकाळची पहिली लघवी चांगली. नाही जमलं तर आधीची लघवी होऊन तीन-चार तास गेलेले असावेत. (दर दहा मिनिटाला जावं लागत असेल तर तीन तास धरणं शक्य नाही हे मला कळतं, मग जेवढं थांबवेल तेवढं थांबा आणि लॅबमध्ये तसं सांगा.)

हात साबणानं धुवा. लघवीची जागा साध्या स्वच्छ पाण्यानं धुवा, बायकांनी पुढून मागं, पुरुषांनी कातडी मागं घेऊन. डेटॉल-सॅव्हलॉन लावू नका, त्याचा थेंब डबीत गेला तर जंतू तिथंच मरतात आणि रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो.

डबीचं झाकण आता उघडा, आधी नाही. झाकण उताणं ठेवा, आतल्या बाजूला बोट लावू नका.

पहिली धार संडासात सोडा. धार न थांबवता मधली धार डबीत घ्या, अर्धी डबी भरली की पुरे. शेवटची परत संडासात. बायकांनी बसताना एका हाताच्या बोटांनी जागा उघडी धरायची, म्हणजे धार कातडीला लागून येत नाही. हे सांगायला माझ्या ओळखीच्या कित्येक टेक्निशियन मुली लाजतात आणि ऐकणाऱ्या बायका त्याहून लाजतात, आणि मग रिपोर्टवर "मिश्र वाढ, नमुना पुन्हा द्या" असं येतं, पैसे आणि दोन दिवस दोन्ही जातात.

झाकण घट्ट लावा, नाव आणि वेळ लिहा.

पोचवायचं एका तासात, फार तर दोन. ते जमत नसेल तर डबी पिशवीत बांधून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि बर्फाच्या पिशवीसोबत आणा. फ्रिजमध्ये ठेवलेला नमुना २४ तासांपर्यंत चालतो. माठाजवळ ठेवलं तर चालतंय का, असं विचारतात. नाही चालत.

लांबच्या गावावरून येणाऱ्यांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे नमुना घरून आणूच नका, लॅबमध्ये येऊन द्या. फक्त निघायच्या आधी फोन करून विचारा, बायकांसाठी संडास आहे का आणि पाणी आहे का. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या गावात हे विचारावंच लागतं.

तपासा: पाळी चालू आहे का? असेल तर लॅबमध्ये सांगा, नाहीतर रक्ताचा अर्थ चुकीचा लागतो. कालपासून कुठली गोळी घेतलीय का? घेतली असेल तर लपवू नका, गोळीचं पाकीट दाखवा, कुणी रागावणार नाही आणि रागावलं तरी सांगा.

५. कुठं जायचं आणि काय सांगायचं

साध्या जळजळीला प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय पुरतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत आहेत. कल्चरची सोय मात्र प्रत्येक केंद्रात नसते, तेव्हा "कल्चर इथं होतं का, नाहीतर कुठं पाठवता" हे केसपेपर काढतानाच विचारा. मोठी सोय हवी असेल, म्हणजे किडनीपर्यंत गेलेलं इन्फेक्शन किंवा खडा अडकलेला, तर छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथली सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आहेत. ती वेगळ्या खात्याची असल्यामुळं तिथं थोडी फी लागू शकते, खिशात पैसे असू द्या.

बाई डॉक्टर नसेल तर आशाताईला सोबत घ्या, तिच्यासमोर बोलणं सोपं जातं. आणि नवऱ्यानं किंवा सासूनं आत जाऊन बाईच्या वतीनं सांगायचं, ही पद्धत बंद करा. मधल्या माणसाच्या तोंडून "हिला जरा जळजळतंय" एवढंच पोचतं, ताप राहून जातो.

डॉक्टरांना एवढं सांगाच: त्रास कधीपासून, ताप-थंडी आहे का, लघवीत रक्त दिसलं का, हे किती दिवसांनी परत झालं, मागच्या वेळी कोणती गोळी किती दिवस घेतली, पाळी चुकलीय का किंवा दिवस गेलेत का, शुगर-बीपी-किडनी-मूतखडा ह्यातलं काय आहे, कोणत्या औषधानं अंगावर पुरळ किंवा धाप आली होती का. पाठ राहत नसेल तर कागदावर लिहून न्या. जुने रिपोर्ट सोबत.

६. रिपोर्ट हातात आल्यावर

रुटीन रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. त्यात सगळे "पस सेल्स" (पू-पेशी) शोधतात. साधारण पाचच्या वर असले की जास्त धरतात, पण तो आकडा एकटा वाचायचा नाही. त्याच्या खाली "एपिथेलियल सेल्स" बघा, ते भरपूर असतील तर कातडीवरचं मिसळलंय, नमुना नीट आला नाही. नायट्राइट (काही जंतू लघवीत तयार करतात तो पदार्थ) पॉझिटिव्ह असेल तर जंतूंचा संशय पक्का होत जातो, निगेटिव्ह असेल तर मात्र इन्फेक्शन नाहीच असं म्हणता येत नाही. लघवीत साखर दिसली आणि तुम्ही शुगरची गोळी घेत नसाल, तर लगेच रक्तातली साखर तपासा. आमच्याकडं कित्येकांची शुगर पहिल्यांदा अशी जळजळीच्या रिपोर्टवरच सापडलीय. (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या शुगरच्या गोळ्यांनी लघवीत साखर येतेच, त्या चालू असतील तर सांगा. त्यांनी खाज आणि बुरशी पण होऊ शकते.)

कल्चरला जंतू उगवायला एक-दोन दिवस लागतात, कोणतं औषध चालेल ते कळायला मिळून दोन-तीन दिवस धरा. "लवकर द्या" म्हणून भांडू नका, जंतू वाढायलाच तेवढा वेळ लागतो. रिपोर्टवर औषधांची यादी असते, पुढं "एस" म्हणजे लागू पडतं, "आर" म्हणजे पडत नाही. यादीत सगळ्यात वर असलेलं किंवा सगळ्यात महागडं औषध चांगलं असं काही नसतं. रिपोर्ट घेऊन थेट मेडिकलवर जाऊ नका. किडनी, वय, गरोदरपण बघून त्यातलं कोणतं द्यायचं हे डॉक्टर निवडतात, आणि साध्या गोळीवर भागत असेल तर इंजेक्शन मागू नका.

थांबा: त्रास अजिबात नाही आणि कुठल्यातरी दुसऱ्या तपासणीत कल्चर पॉझिटिव्ह आलं, तर बहुतेकांना औषध लागत नाही. गरोदर बायका आणि लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन व्हायचंय असे पेशंट, ह्यांची गोष्ट वेगळी.

७. गोळ्या सुरू झाल्या

बायकांच्या साध्या, पिशवीपुरत्या इन्फेक्शनला कोर्स छोटा असतो. नायट्रोफुरँटॉइन हे अँटिबायोटिक बऱ्याचदा पाच दिवसांचं देतात. ते जेवणासोबत घ्यायचं, रिकाम्या पोटी मळमळतं, आणि लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, ते औषधाचं आहे, घाबरून बंद करू नका. ते किडनीच्या इन्फेक्शनला चालत नाही आणि किडनी फार कमजोर असलेल्यांना देत नाहीत. जळजळीचं सिरप त्याच्यासोबत घ्यायचं का हे विचारून घ्या, कारण ही गोळी आंबट लघवीत जास्त चांगली काम करते आणि सिरप नेमका आंबटपणाच कमी करतं. फॉस्फोमायसिनची पावडर एकाच डोसची, पाण्यात विरघळवून, शक्यतो रात्री झोपताना, लघवी करून आल्यावर घेतात. एकच पुडी आहे म्हणून ती हलकी समजू नका, तिचा असर दोन-तीन दिवस राहतो.

सिप्रोफ्लॉक्सासिन आपल्याकडं इतकं खाल्लं गेलंय की बऱ्याच जंतूंवर ते आता चालत नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून दिलंच तर दूध, दही, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीचं औषध त्याच्यासोबत घेऊ नका, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. ती ह्या गोष्टींच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची.

जेवढे दिवस लिहिलेत तेवढे दिवस घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटतंच, तेव्हाच लोकं थांबतात आणि उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवतात. पुरळ, तोंडाला सूज, धाप, किंवा जोराचे जुलाब झाले तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना सांगा.

८. अठ्ठेचाळीस तासांनी थांबून बघा

गोळी सुरू केल्याची वेळ कॅलेंडरवर लिहा. दोन दिवसांनी जळजळ निम्म्याहून कमी व्हायला पाहिजे. तशीच असेल, वाढली असेल, किंवा मध्येच ताप आला तर कोर्स संपायची वाट न बघता परत जा, एव्हाना कल्चरचा रिपोर्टही आलेला असतो आणि गरज असेल तर औषध बदलता येतं.

पूर्ण बरं वाटलं तर परत लघवी तपासायची बहुतेकांना गरज नसते. गरोदर बाईनं मात्र कोर्स झाल्यावर परत कल्चर करायचं.

९. ह्यांना सगळ्यांसारखं मोजू नका

गरोदर बाई. हिला जळजळ नसतानाही लघवीत जंतू असू शकतात आणि उपचार नाही झाला तर ते किडनीपर्यंत जातात, दिवस भरायच्या आधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. म्हणून पहिल्या महिन्यांत एकदा लघवीचं कल्चर करून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, तिथं विचारा. काही गोळ्या पोटातल्या बाळाला चालत नाहीत, नायट्रोफुरँटॉइनही शेवटच्या दिवसांत देत नाहीत, म्हणून हिच्या बाबतीत दुकानातली गोळी अजिबात नाही. "पोटुशीपणात जळजळतंच" हे वाक्य मी किती घरांतून ऐकलंय, ते ऐकून गप्प बसू नका.

शुगरचे पेशंट. साखर जास्त तर इन्फेक्शन लवकर वर चढतं आणि साध्यावर थांबत नाही. जळजळ झाली की त्याच दिवशी साखर तपासा.

पुरुष. पुरुषाला झालेलं इन्फेक्शन सहसा कारणाशिवाय नसतं. प्रोस्टेट (पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी), खडा, वाट अरुंद झालेली, काहीतरी बघावं लागतं, सोनोग्राफी सांगतात ती करून घ्या. कोर्सही बहुधा जास्त दिवसांचा असतो. धार बारीक झालीय, जोर लावावा लागतो, हे न लाजता सांगा.

लहान लेकरं. बारक्याला जळजळ सांगता येत नाही. सर्दी-खोकला काही नाही आणि ताप आहे, चिडचिड, दूध ओढत नाही, शू करताना रडतं, अशा वेळी लघवी तपासायला सांगा. डायपर किंवा लंगोट पिळून नमुना आणू नका. धुवून, दूध पाजून, डबी धरून बसायचं आणि धार पकडायची, वेळ लागतो. संडासला कडक होणाऱ्या मुलांना हा त्रास परत परत होतो, तिकडंही लक्ष द्या.

म्हातारी माणसं. ह्यांच्या लघवीत जंतू त्रासाशिवायही सापडतात, तेव्हा नुसत्या रिपोर्टवरून औषध नको. पण अचानक बदललेलं वागणं, नव्यानं कपड्यात लघवी, ताप, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. लघवीसाठी नळी लावलेली असेल तर तिची पिशवी कायम कंबरेच्या खाली ठेवा, आणि कल्चरसाठी त्या पिशवीतली लघवी कधीच घेऊ नका, नमुना घेणं हे नर्सचं काम.

१०. परत परत होत असेल तर

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर त्याला परत परत होणारं इन्फेक्शन म्हणतात. तेव्हा प्रत्येक वेळी कल्चर, एकदा सोनोग्राफी आणि शुगर तपासणी करून घ्या. पाळी गेलेल्या बायकांना आतली जागा कोरडी पडल्यामुळं हे होतं, त्यासाठी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम असतं, ते स्त्रीरोगतज्ज्ञ देतात आणि बऱ्याच जणींना त्यानं फरक पडतो. ह्याबद्दल आपल्याकडं कुणी बोलतच नाही, पन्नाशीच्या बायका वर्षानुवर्षं गोळ्या खात राहतात.

रोजच्या सवयींत सगळ्यात मोठा फरक पाण्यानं पडतो. आत्ता पिता त्यापेक्षा दीड लिटर जास्त, म्हणजे मोठे सहा ग्लास, दिवसभरात वाटून. लघवीचा रंग फिक्कट राहतोय का, एवढं बघत जा. (हृदय किंवा किडनीमुळं डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर त्यांचंच ऐका.) संडासनंतर पुढून मागं धुवा. संबंधानंतर लघवी करून या. आत साबण, सुगंधी वॉश काही नको.

आणि लघवी धरून ठेवू नका, हे लिहिताना मला कळतं की आपल्याकडं हे बाईच्या हातात नसतं. उसाच्या फडात आडोसा नसतो, कोपीजवळ (ऊसतोडीवरच्या झोपडीजवळ) संडास नसतो, एसटी स्टँडवरच्या संडासात पाय ठेववत नाही, म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, पहाटे अंधारात एकदा आणि मग थेट रात्री. मग निदान एवढं करा: दोघी-तिघींनी मिळून दर तीन-चार तासांनी जायची वेळ ठरवा, एकीनं साडीचा आडोसा धरायचा. टोळीच्या बोलणीवेळी मुकादमाकडं उचल (आगाऊ पैसे) मागता तसं फडाजवळ आडोसा आणि पाण्याचा जार मागून घ्या. दसऱ्या-दिवाळीला कारखान्यावर निघताना दोन सीलबंद डब्या, ओआरएसच्या पुड्या आणि जुन्या कल्चर रिपोर्टचे फोटो मोबाइलमध्ये टाकून न्या. तिकडच्या डॉक्टरला तुमच्या जंतूवर मागच्या वेळी काय चाललं होतं ते त्या फोटोवरून एका मिनिटात कळतं, आणि डबी हाताशी असली की गोळीच्या आधी ती भरता येते.